सेफूच्या झाडाला करवत

जमीन बरी करणं हे राजाचं काम आहे. उसांबाराच्या डोंगरात कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, तो हेच सांगेल, आणि सांगताना आवाज खाली आणेल. पाऊस वेळेवर येणं, दाणा भरणं, फळ टिकणं सगळं राजाच्या हातात. राजा बरा तर जमीन बरी, राजा बिथरला तर जमीन नासली. अडचण एवढीच होती, की राजेपण मोडीत निघालं त्याला साठ वर्षं झाली होती. मधली बरीच वर्षं हे काम कुणीच केलं नाही. गेली एकोणीस वर्षं क्वेशुंगा गावात झैतुनी नावाची एक विधवा ते करत होती, कान तुटलेल्या प्लास्टिकच्या बादलीत चुना कालवून.

गावाने तिला नेमलं नव्हतं. गावाचं म्हणणं असं, की झैतुनी दर जूनला झाडांना कफन नेसवते. शेजारचा कुपाझा कुंपणावर दोन्ही हात टेकून विचारायचा, "वहिनी, यंदा जनाजा किती वाजता?"

झैतुनी हातातला ब्रश न थांबवता म्हणायची, "तुझ्या झाडांचा आधी निघेल."

घरामागच्या उतारावर तिची अकरा झाडं होती. सात प्लमची, तीन पीचची आणि उतार अंगणाला भिडतो तिथे एक नाशपतीचं. तीन वर्षांपूर्वी ती पंधरा होती. गेलेल्या चार झाडांच्या जागी तिने काहीच लावलं नव्हतं. तिथली माती ती कोरड्या दिवसांत उकरून उन्हाला उघडी टाकायची आणि येता-जाता त्या चार आळ्यांकडे बघायची, घरातला माणूस जेवायला यायचा राहिलाय अशा नजरेने.

मोठा पाऊस मे अखेरीस सरतो. मग डोंगरावर धुकं बसतं ते ऑगस्टपर्यंत उठत नाही. झाडं पानं टाकतात, माणसं अंगावर दोन-दोन चादरी घेतात आणि शहाणा माणूस चुलीपासून हलत नाही. झैतुनीचं वर्ष तिथे सुरू व्हायचं. आधी खालची पानं झाडून जाळायची. मग झाडावर वाळून काळी पडलेली गेल्या सालची फळं एकेक खुडून हातभर खोल खड्ड्यात पुरायची. मग छाटणी, मग कापाला मलम, मग खोडाला चुना, मग निळी फवारणी, आणि हे सगळं कळी फुगायच्या आत. शेतकी अधिकाऱ्याने एकदा गावात शिबिर घेतलं होतं. भिंतीला चित्रं टांगली होती, सगळ्यांना थंड सोडा पाजला होता. झैतुनीने चित्रांत होतं ते सगळं केलं. बाकीच्यांनी सोडा प्यायला.

चुन्याने तिच्या बोटांची टोकं पांढरी पडून भेगाळली होती. उजवा खांदा पाठीवरच्या पंपाच्या पट्ट्याने डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता. तिची सून नास्रा डब्यात निखारे घेऊन तिच्या मागे मागे फिरायची. एक झाड झालं, की करवतीचं पातं निखाऱ्यांवरून फिरवायचं आणि मगच दुसऱ्याला लावायचं.

"आत्या," नास्रा म्हणाली, "माणसांच्या दवाखान्यातसुद्धा एवढं करत नाहीत."

"म्हणून तर बरं वाटतं मला," झैतुनी म्हणाली. "माझ्याकडे रांग नसते."

नास्राला पाचवा महिना होता. तिचा नवरा, म्हणजे झैतुनीचा मुलगा, खाली सपाटीवर घायपाताच्या मळ्यात कामाला होता. घर या दोघींचं, आणि उतार अकरा झाडांचा.

बारावं झाड सेफूचं होतं.

ते अंगणाच्या बरोबर मधोमध, स्वयंपाकघराच्या दारापासून सहा पावलांवर उभं होतं. म्हातारं, रुंद प्लमचं झाड. या डोंगरात जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असू शकतं, त्यात कुणाला नवल वाटत नाही. झाड लावणाऱ्याचं आणि त्याच्या वंशाचं. झैतुनीच्या सासऱ्याने वाटणी केली तेव्हा धाकट्या होझाला, म्हणजे झैतुनीच्या नवऱ्याला, अंगण आणि उतार मिळाला, थोरल्या सेफूला खोऱ्यातलं भाजीचं शेत. सेफू म्हणाला, मला ते झाडही हवं. त्या साली झाडाने चौदा टोपल्या दिल्या होत्या. सासऱ्याने दिलं. पुढे होझा वारला, शेत सेफूने विकलं, आणि तो तांगा शहरातल्या बसस्टँडवर गाड्यांची नावं पुकारायच्या कामाला लागला. आईकडून आपल्या अंगात राजाचं रक्त आहे, असं तो सांगायचा. आवाज तरी राजाचा होता. मोंबासाची गाडी सुटतेय हे त्याने पुकारलं, की मोंबासात कळत असावं.

दर डिसेंबरला तो यायचा, झाडाखाली खुर्ची टाकून बसायचा आणि आपली फळं न्यायचा. गेल्या डिसेंबरात फळं नऊ होती. आठ त्याने नेली. नववं आतून सडकं निघालं, ते त्याने भावजयीला दिलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झैतुनीने कुंपणाच्या दगडावर चढून त्याला फोन लावला. गावात आवाज तेवढ्या दगडावरच मिळायचा.

"भावोजी, तुमच्या झाडाच्या खालच्या तीन फांद्यांना डिंक आलाय."

"येऊ दे. म्हणजे झाडात रस आहे."

"साल फुटून काळी पडलीय. गेल्या सालची फळं वाळून लटकलीत, त्यांच्यातून रोग खाली उतरतो. मला काढू द्या."

"माझी फळं तू काढणार?"

"फळं नाहीत ती. हात लावला की भुकटी होते."

"मी आल्यावर बघू."

"तुम्ही डिसेंबरात येता. तेव्हा पावसात कापलं तर रोग कापातूनच आत शिरतो. आत्ता पानं नाहीत, पाऊस नाही, तोवर—"

"झैतुनी, झाड माझ्या बापाने लावलंय. बापाने लावली का कधी करवत?"

"दर जूनला लावायचे. शिडी मी धरायचे."

पलीकडे बसचा भोंगा वाजला आणि फोन बंद झाला. असं सहा वर्षं चाललं होतं. बोलण्यात बदल एवढाच, की पहिल्या वर्षी डिंक एका फांदीला होता.

झैतुनी दगडावरून उतरली आणि झाडाखाली जाऊन उभी राहिली. सर्वांत खालची फांदी वाकून तिच्या नाशपतीवर आली होती. धुक्याचं पाणी त्या काळ्या सालीवरून ओघळून टिपटिप नाशपतीच्या फुटव्याच्या डोळ्यांवर पडत होतं. गेलेली चारही झाडं याच बाजूची होती. नाशपतीचं कलम तिने होझा आजारी असताना त्याच्या उशाशी बसून बांधलं होतं. त्याला दाखवून दाखवून, कारण त्याला झोप नव्हती आणि दुसरं काही बोलायला उरलं नव्हतं. तिने खालच्या डोळ्यांतला एक नखाने उघडून पाहिला. आत अजून हिरवं होतं.

"यंदा नाही कापलं तर पुढच्या जूनला कापायला काही राहणार नाही," ती नास्राला म्हणाली.

"पण आत्या, दुसऱ्याच्या झाडाला—"

दुसऱ्याच्या झाडाला त्याच्या शब्दावाचून पातं लावलं तर क्वेशुंगात दंड एक बकरी. ते एक वेळ परवडलं असतं. दुसरी गोष्ट जड होती. झाडाचा मालक परगावी मेला, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईने त्याच्या झाडाची फांदी उतरवायची आणि अंगणात तिचा जाळ करायचा, ही इथली रीत. मालक जिवंत असताना तेच करणं म्हणजे त्याचं मरण बोलावणं. त्याला गाव 'जमीन नासवणं' म्हणतं. जमीन नासवणाऱ्या बाईला अंगणातून उठवण्याचा हक्क नवऱ्याच्या थोरल्या भावाला असतो.

झैतुनीने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी तिने बकऱ्यांतली एक निवडून बाजूला बांधली, तांबड्या कानांची, आणि करवतीला धार लावली.

तिने मंगळवार धरला. मंगळवारी खाली सोनी गावचा बाजार. अर्धं गाव भाज्यांचे भारे घेऊन पहाटेच उतरतं. धुकं इतकं दाट होतं, की स्वयंपाकघरातून झाड दिसत नव्हतं. नास्राने शिडी धरली. झैतुनीने आधी फांदीला खालून खाच पाडली, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओढून नेत नाही. मग वरून, खोडालगतची फुगीर वळी सोडून, लांब आणि सावकाश ओढीने कापायला लागली. लाकूड आतून चहाच्या डागासारखं तपकिरी होतं. तिने आणखी मागे कापलं. तरी तपकिरी. धाप लागली तशी ती कपाळ खोडाला टेकवून थांबली, करवत दुसऱ्या हातात घेतली. तिसऱ्या कापाला लाकूड पांढरं निघालं.

"बरं लाकूड लागलं," ती म्हणाली.

धुक्याची एक खोड तिच्या ध्यानात आली नव्हती. धुक्यात दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. तिसरी फांदी पडते न पडते, तोच म्वांतुमू आजी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन धुक्यातून बाहेर आली. वय पंच्याहत्तर, गावातल्या प्रत्येक मयताला पहिली. करवतीचा आवाज कुठल्या अंगणातून आणि अंगणाच्या कुठल्या भागातून येतोय, हे तिने घरी बसून ओळखलं होतं. पडलेल्या फांद्या पाहून तिने भारा खाली टाकला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"सेफू?"

"सेफू बरे आहेत, आजी. झाड आजारी आहे."

म्वांतुमू आजीने समजून मान हलवली. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "घरचा पुरुष येईपर्यंत तू सांगायचंच नाही. रीत आहे ती."

"आजी, खरंच मेले नाहीत."

"अगदी असंच म्हणायचं," आजी म्हणाली, आणि चटई मागून घेऊन बसली.

दुपारपर्यंत अंगणात तीस माणसं झाली. बाजाराला गेलेली अर्ध्या वाटेवरून परतली. बाया मक्याचं पीठ, घेवडा, आलं घातलेल्या चहाची किटली घेऊन आल्या. पुरुष झाडाखाली रांगेने बसले. झैतुनीने एकेकाला गाठून सांगितलं, की सेफू जिवंत आहे. जितकं सांगावं तितका तिचा मान वाढत गेला.

"काय बाई आहे," कुपाझा डोळे पुसत म्हणाला. "एक थेंब नाही डोळ्यात. मोठ्या घरचं वळण."

कुणीतरी दगडावर चढून सेफूला फोन लावला. फोन बंद होता. तो त्याने चार दिवसांपूर्वी बसच्या टपावर विसरून दारेसलामला पाठवला होता, पण हे गावाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मेलेल्या माणसाचा फोन बंद असायचाच.

मग सेफूचे गुण निघाले. ते आठवायला वेळ लागला, पण गाव चिवट होतं. एकाला आठवलं, सेफूने त्याला एकदा बसमध्ये खिडकीची जागा दिली होती. एकाला आठवलं, त्याने उसनी नेलेली कुदळ परत केली होती, दांडा नव्हता तिला, पण केली होती.

नास्राने सासूला चुलीमागे गाठलं. "आत्या, हे भलतंच झालं. सेफूकाका आले तर आपल्याला हाकलतील."

"हाकलतील," झैतुनी म्हणाली. तिने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. "सांगून बघितलं. आता आणखी कुठल्या भाषेत सांगू?"

बाहेर पुरुषांनी रीतीप्रमाणे जाळ केला होता. जाळात त्या तीन फांद्या होत्या. झैतुनी दारात येऊन पाहत राहिली. काळी साल तडतडून उलत होती, डिंक उकळून पेटत होता. सहा वर्षं तिने जे लाकूड जाळायची स्वप्नं पाहिली, ते तीस माणसं अदबीने जाळत होती. तिचं लक्ष कुंपणापलीकडे गेलं. कुपाझाच्या पाच झाडांवर गेल्या सालची, त्याच्याही आदल्या सालची काळी फळं वटवाघळांसारखी लटकली होती. त्याच्या पलीकडे म्वांतुमू आजीची झाडं. त्याच्या पलीकडे आणखी.

ती आजीच्या चटईपाशी गेली. "आजी, मी तुम्हाला पुन्हा सांगते. कुणी मेलेलं नाही."

"हो गं बाई."

"पण तुमच्या मते हे दुखवट्याचं घर आहे."

"आहेच."

"मग दुखवट्याच्या घरासमोर अशी काळी, सडकी फळं लटकलेली चालतात का?"

आजीने मान वळवून कुंपणापलीकडे पाहिलं. असा काही नियम तिने कधी ऐकला नव्हता. पण गावातले सगळे नियम तीच सांगायची, आणि एखादा आपल्याला माहीत नाही हे कबूल करण्यात अर्थ नव्हता. "नाही चालत," ती म्हणाली. "कुपाझा, चढ झाडावर."

"मी?"

"दुखवट्याच्या घरातून आलेल्या शब्दाला नाही म्हणतोस?"

कुपाझा चढला. त्याच्या मागोमाग बाकीचे आपापल्या झाडांवर चढले, कारण नुसतं बसून तीन दिवस काढणं तसंही कठीण असतं, आणि सेफूचे गुण संपले होते. संध्याकाळपर्यंत खालच्या आळीतल्या झाडांवर एक काळं फळ राहिलं नाही. झैतुनीने खड्डा स्वतः मापला. हात कोपरापर्यंत घालून पाहिला आणि म्हणाली, "आणखी वीतभर." त्यांनी आणखी वीतभर खणला.

दुसऱ्या दिवशी माणसं पन्नासवर गेली. झैतुनीने मोरचूद फडक्यात बांधून आदल्या सांजेलाच पाण्यात टांगून ठेवला होता. सकाळी पाणी निळंशार झालं होतं. दुसऱ्या बादलीत कळीचा चुना फुटून, वाफ टाकून शांत झाला होता. तिने निळं पाणी चुन्यात ओतायला लावलं, उलटं नाही, आणि कमरेला गुंडाळायच्या जुन्या कांगाच्या कापडातून गाळायला लावलं.

"कुपाझा, तुझा कोयता दे. स्वच्छ पुसून."

तिने कोयत्याचं पातं त्या निळ्या दुधात बुडवून धरलं आणि बाहेर काढलं. पात्यावर तांबडी झाक चढली होती.

"रक्त," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"तांबं," झैतुनी म्हणाली. "चुना कमी पडलाय. हे असंच मारलं तर कोवळी साल भाजते." तिने दोन ओंजळी चुना घातला, ढवळला, पातं पुसून पुन्हा बुडवलं. या वेळी पातं जसंच्या तसं निघालं. पन्नास माणसांनी माना हलवल्या. एकोणीस वर्षं ही बाई कुंपणाआड काय करते हे त्यांनी पहिल्यांदाच जवळून पाहिलं होतं, आणि ते आपल्या समजुतीपेक्षा बरंच अवघड निघालं म्हणून काहींना थोडा रागही आला.

पंप एकच होता आणि तो गळायचा. झैतुनीने तो पाठीवर घेतला आणि स्वतः झाडामागून झाड घेतलं. शेंड्याकडून खाली, फांदीची खालची बाजूसुद्धा, पाणी ओघळायच्या आत थांबत. तिच्या पाठीवरून निळा ओघळ टाचेपर्यंत आला होता. बाया घायपाताच्या कुंच्यांनी खोडांना चुना देत होत्या. पुरुष बुंध्याशी साठलेला पालापाचोळा वीतभर मागे ओढत होते. दुपारनंतर तिचा खांदा उतरला तेव्हा कुपाझाने तिच्या पाठीवरचा पंप काढून स्वतःच्या पाठीवर घेतला.

"खालून सुरू करू नकोस," ती म्हणाली.

"बघितलंय मी," कुपाझा म्हणाला. "दोन दिवस दुसरं काय बघतोय?"

तिसऱ्या दिवशी दुपारच्या बसने सेफू आला.

तांगा शहराच्या स्टँडवर क्वेशुंगाच्या एका प्रवाशाने त्याला गर्दीतून ओरडून सांगितलं होतं, की तुमच्या घरी मयत झालंय. कोण, ते भोंग्यात बुडालं. सेफू होता तसा गाडीत चढला. अंगणात पाऊल टाकलं तर समोर साठ माणसं, घेवड्याच्या वासाचा धूर, पांढरीफेक खोडं, आणि मधोमध तीन फांद्या कमी झालेलं त्याचं झाड.

"कोण गेलं?" त्याने विचारलं, त्या आवाजात.

सगळ्यांच्या माना म्वांतुमू आजीकडे वळल्या. आजी म्हणाली, "तू."

सेफू झाडापाशी गेला, निळसर मलम लावलेल्या कापांवरून हात फिरवला आणि वळला. "मी जिवंत असताना या बाईने माझ्या झाडाला करवत लावली," तो म्हणाला. "जमीन नासवली. मला न्याय पाहिजे. ही आजच्या आज या अंगणातून निघाली पाहिजे."

नास्राने पोटावर हात ठेवून भिंतीचा आधार घेतला. झैतुनी चुन्याचे हात पुसत पुढे आली.

"करवत मी लावली, भावोजी. बकरी बांधून ठेवलीय. पण तुम्ही मेलात असं मी एकालाही सांगितलं नाही. विचारा."

न्याय करायला गावचे जुने पंच शेकालाघे बाबा तिथेच होते. वय ऐंशीच्या पुढे, नजर जवळजवळ गेलेली. तीन दिवस ते झाडाखाली बसून चहा पीत होते. त्यांनी काठी पुढे केली. "मला झाडाशी न्या."

त्यांनी बोटांनी काप चाचपला. मग म्हणाले, "कापलेलं काही उरलंय का?"

नास्राने फांदीचा एक ओंडका आणून दिला. जाळातून बाजूला पडलेला, अर्धा जळलेला. म्हाताऱ्याने मधोमध नख दाबलं. नख आत गेलं. त्यांनी ओंडका सेफूच्या हातात दिला. "दाब."

सेफूने दाबलं. लाकडाची ओली भुकटी त्याच्या बोटाला लागली.

"झाड किती फळ देतं?"

"चौदा टोपल्या."

"कधी?"

"आमचे वडील होते तेव्हा."

"गेल्या साली?"

"नऊ," कुपाझा कुंपणाकडून म्हणाला. "टोपल्या नव्हे, प्लम."

"तुझ्या बापाची छाटणी मी पाहिलीय," शेकालाघे बाबा म्हणाले. "असाच कापायचा, वळी सोडून. ही शिडी धरायची." ते बसले. सगळे बसले. "आता ऐका. शब्दावाचून पातं लावलं, बकरी द्यावी लागेल. ती चुकत नाही. अंगणाचं म्हणशील, सेफू, तर जमीन नासवणारा तो, जो मालक जिवंत असताना त्याला मेलेला म्हणतो. या बाईने तीन दिवस घसा कोरडा करून सांगितलं, की तू जिवंत आहेस. मलाच चार वेळा सांगितलं. मेलेला म्हणालो आम्ही. साठ जण. तुला उठवायचं असेल तर गाव उठव."

सेफूने गावाकडे पाहिलं. गावाने चटईकडे पाहिलं.

"बस रे," म्वांतुमू आजी त्याला म्हणाली. "तीन दिवस रडलोय तुझ्यासाठी. काय काय बोललो तुझ्याबद्दल. असायला हवा होतास."

सेफूचा चेहरा जरा वेगळा झाला. "काय बोललात?"

त्यांनी सांगितलं. खिडकीची जागा सांगितली, कुदळ सांगितली. सेफू बसला. कुणीतरी त्याच्या हातात ताट दिलं. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं त्यांनीही आता बरंच सांगितलं. तांबड्या कानांची बकरी दुपारीच कापली गेली आणि सेफूने स्वतःच्या दुखवट्याचं जेवण दोनदा वाढून घेतलं. हात धुताना तो भावजयीला म्हणाला, "दर जूनला कापत जा. पण मी जिवंत आहे, हे लोकांना आधी सांगायचं."

"सांगेन," झैतुनी म्हणाली.

ऑगस्ट अखेरीस धुकं उठलं. सप्टेंबरात आळीतली झाडं एकदम फुलली. इतकी, की कुपाझा सकाळी कुंपणाशी यायचा आणि थट्टा करायचं विसरून नुसता उभा राहायचा. नाशपतीला पहिल्यांदाच शेंड्यापर्यंत फूल आलं. झैतुनी त्याच्याखाली बसून घेवडा निवडायची, एरवी ती तो चुलीपाशी निवडायची. नोव्हेंबरात मूल झालं, मुलगी. नाळ नाशपतीच्या बुंध्याशी पुरली, बुंध्यापासून वीतभर लांब. डिसेंबरात पाऊस लागून राहिला तरी फळ सडलं नाही. कुपाझाने सात वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या झाडाचं प्लम खाल्लं, आणि ते आंबट आहे हे त्याला तेव्हा कळलं.

एवढं फळ कसं टिकलं यावर गावात बोलणं झालं. म्वांतुमू आजीने ते निकालात काढलं. राजाच्या रक्ताचा माणूस मरून उठला, की जमीन बरी होणारच, ती म्हणाली. सगळ्यांना ते पटलं. झैतुनी तेव्हा पुढच्या जूनचा चुना कुठून आणायचा ते नास्राला सांगत होती.

सेफू ठरल्याप्रमाणे डिसेंबरात आला. तीन फांद्या कमी असून झाडाने पाच टोपल्या फळ दिलं होतं. ते त्याने बसच्या टपावर चढवून नेलं. झाड त्याचं होतं. टोपल्या झैतुनीच्या होत्या, त्या परत आल्या नाहीत.